घेरी, भोवळ, झीट: तुमचं कारण कसं सापडलं?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या भिशीत परवा विषय निघाला आणि नऊ जणींपैकी चार जणी म्हणाल्या, "मीपण पडलेय." चार! लोणच्यातल्या मिठापासून जावयाच्या पगारापर्यंत सगळं एकमेकींना सांगून झालंय, हे मात्र कधीच नाही. म्हणून इथे मांडते. लिहाल तेव्हा पडण्याआधी काय जाणवलं आणि कुणी पाहिलं, हे जरूर लिहा. का, ते माझ्यावरून कळेल.

सहा वर्षांत पाच वेळा पडले. पहिली वेळ गणपतीच्या आरतीत. कापूर, बंद खोली, चाळीस माणसं. कानांना दडे बसले, जांभयांवर जांभया, तळहाताला गार घाम, आणि समोरची समई लांब लांब जात ठिपक्याएवढी झाली. शुद्धीवर आले तर जाऊबाई नाकाशी कांदा धरून, सासूबाई मीठ-मिरच्या ओवाळताहेत. हातपाय थोडे झटकले म्हणे मी. त्या 'थोडे'वरून पुढचं सगळं रामायण. सीटी, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), सारं नॉर्मल. तरी फिटची गोळी सुरू. चौदा महिने दिवसभर पेंगत होते आणि पडतही होते.

मग एका वयस्कर डॉक्टरांनी रिपोर्टांची पिशवी बाजूला सारली आणि म्हणाले, "पडण्याआधीची पाच मिनिटं सांगा, प्रत्येक वेळची. ज्यांनी पाहिलं त्यांना घेऊन या." जाऊबाईंना नेलं. त्या म्हणाल्या, चेहरा पांढराफटक पडला, आधी कोसळली, मग झटके, तेही दहा-बारा सेकंद. आणि डोळे उघडताच हिने विचारलं, मोदकांखालचा गॅस बंद केला का? डॉक्टर हसले. फिट येऊन गेल्यावर माणूस बहुधा बराच वेळ गोंधळलेला असतो, त्याला मोदक आठवत नाहीत. साध्या घेरीतही झटके येऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं.

टिल्ट टेस्ट झाली. पट्ट्यांनी टेबलाला बांधतात, टेबल साधारण ७० अंशांत उभं करतात आणि नुसतं तसंच ठेवतात. विसाव्या मिनिटाच्या पुढे तीच जांभई, तोच घाम. वरचं प्रेशर ६० च्या खाली, नाडी ४० च्या आत. टेबल आडवं केलं की मी ठीक. नाव व्हेसोवेगल सिंकोपी. उभ्याने रक्त पायांत साचतं, व्हेगस नावाची नस नको तेव्हा ब्रेक दाबते, नाडी आणि प्रेशर दोन्ही उतरतात. फिटची गोळी त्यांनी हळूहळू कमी करत बंद केली. आता पाणी भरपूर, मीठ थोडं जास्त (माझं प्रेशर मुळात कमी, किडनी ठीक, म्हणून, उगाच कुणी वाढवू नका). चाहूल लागली की पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या, बोटांत बोटं अडकवून हात ओढायचे. तरी जमलं नाही तर लाज सोडून खाली आडवं व्हायचं. "शिकंजी पीत जा" असंही म्हणाले. ते मूळचे बाहेरचे. मी इमानदारीत छप्पन दुकानला जाऊन आपली दूध-केशर-सुकामेव्याची इंदुरी शिकंजी पिऊन आले. त्यांना लिंबू-मिठाचं पाणी म्हणायचं होतं!

लोकमान्यनगर, वय ७१
रात्री दोनला लघवीला उठलो आणि बाथरूमच्या दारात सापडलो. कपाळाला सहा टाके. महिन्याने पुन्हा तेच. सूनबाई औषधाच्या दुकानात बसते, तिने माझा गोळ्यांचा डबा टेबलावर उपडा केला. प्रेशरच्या दोन जुन्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. आणि प्रोस्टेटसाठी नुकतीच सुरू झालेली टॅम्सुलोसिन. डॉक्टर दोन, एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही. तिने मला आडवा करून प्रेशर मोजलं, १४६. उभा केल्यावर दुसऱ्या मिनिटाला ११०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं प्रेशर २० किंवा जास्त उतरलं तर ते दखल घेण्यासारखं, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनीच गोळ्या बदलल्या. मी मनाने एकही सोडली नाही. आता पलंगाच्या काठावर मिनिटभर बसतो, मग उठतो. रात्री लघवीलाही बसूनच. नेहरू पार्कातली मंडळी हसतात. हसू द्या, टाके मला पडले होते.

भंवरकुआँ, वय २०, कोचिंगवाली
मी पूर्ण पडले एकदाच, एरवी नुसती अंधारी आणि जिन्यात धाप. घरच्यांनी नवरात्रीच्या उपवासावर खापर फोडलं. हिमोग्लोबिन निघालं ७.२, फारच कमी. पाळीत आठ-आठ दिवस जास्त जायचं, हे मी कुणाला बोललेच नव्हते. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

सुदामानगर, आईबद्दल
आई ७४ ची. तिचं पडणं ताईंसारखं नव्हतं. घाम नाही, अंधारी नाही, काही नाही. बोलता बोलता वाक्य अर्धवट राहायचं आणि ती जमिनीवर. हात टेकायलाही सवड नाही, म्हणून दर वेळी तोंडच फुटायचं. काही सेकंदांत डोळे उघडून आमच्यावरच वैतागायची, "असे काय बघताय सगळे?" नातेवाईक म्हणत, अशक्तपणा आहे, खजूर द्या. दिले. २४ तासांचा होल्टर (अंगावर लावायचं ठोके नोंदवणारं यंत्र) दोनदा लावला, दोन्ही वेळा स्वच्छ. कारण त्या २४ तासांत ती पडलीच नाही! शेवटी छातीच्या कातडीखाली लूप रेकॉर्डर बसवला, पेनच्या टोपणापेक्षाही लहान. तो वर्षानुवर्षं ठोके नोंदवत बसतो. पाचव्या महिन्यात आई तुळशीपाशी पडली आणि यंत्रात दिसलं, हृदय आठ सेकंद थांबलेलं. त्याच आठवड्यात पेसमेकर. तेव्हापासून पडणं बंद, वैतागणं चालू.

(मध्येच बोलते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. काहीच चाहूल न लागता, पळता-चढताना किंवा झोपलेल्या अवस्थेत शुद्ध गेली, आधी छाती धडधडली, तर माझ्यासारखं कांदा हुंगत बसू नका. सरळ ईसीजी काढा.)

मल्हारगंज, वय २६
रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), राजवाड्यासमोर, उपाशीपोटी, तीन तास उभा. गरगरलं. मित्रांनी प्रेमाने दोन्ही बगलांत हात घालून मला उभाच धरला, त्यामुळे शुद्ध काही येईना. एकाने चप्पल हुंगवली, एकाने मुठीत किल्ल्या कोंबल्या. एका अनोळखी काकूंनी ओरडून मला आडवा करायला लावला, पाय वर धरले, लगेच डोळे उघडले. काकू, कुठे असाल तिथे नमस्कार.

तिलकनगर, एका चौदा वर्षांच्या मुलीची आई
लिहू की नको असं झालं होतं. लेक शाळेच्या मैदानात धावताना पडली. सरांनी उन्हाचं कारण सांगितलं, आम्हालाही पटलं, मे महिना होता. दुसऱ्यांदा डिसेंबरात पडली, तीही धावतानाच. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? नाही म्हणाले. घरी येऊन आईला फोन केला तर ती गप्पच झाली. माझा मामा, सतराव्या वर्षी, गावच्या विहिरीत. मला लहानपणापासून 'बुडाला' एवढंच सांगितलेलं. आई म्हणाली, अगं, तो तर पट्टीचा पोहणारा होता.

ईसीजीत क्यूटी (एका ठोक्यानंतर हृदय पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ) लांब निघाला. लाँग क्यूटी, घराण्यातून येणारा. त्याच्या एका प्रकारात धावणं आणि पोहणं हेच निमित्त ठरतं. आता रोज बीटा ब्लॉकर, खेळणं बंद, आणि कुठलंही औषध लिहून देताना हे आधी सांगायचं, कारण काही अँटिबायोटिक्सही क्यूटी वाढवतात. घरात सगळ्यांचे ईसीजी काढले. माझाही लांब आहे. मी कधी पडले नाही.

नंदानगर, वय ४३
वरचं वाचून हात गार पडलेत, तरी लिहिते. माझं कारण अजून सापडलेलं नाही. तीन वेळा पडले, तिन्ही वेळा घरात एकटी, म्हणजे पाहणारं कुणीच नाही. स्कूटीची किल्ली नवऱ्याकडे दिली. बाथरूमची कडी लावत नाही. वहीत लिहून ठेवते: किती वाजता, काय खाल्लं होतं, बसले होते की उभी. सोमवारी ती वही घेऊन जाणार आहे. सध्या सुट्ट्या आहेत, धाकटा घरी असतो, त्याला शिकवून ठेवलंय. मी पडले की आधी आडवं करून पाय वर ठेव, बाबांना फोन कर, मग मोबाइलवर व्हिडिओ काढ. रडायचं ते नंतर.