खत तोडू नका, आधी लाइट कमी करा

माशांच्या टाकीतल्या झाडांवर शेवाळ आलं म्हणून खत बंद करा, असा सल्ला तुमच्या प्रश्नावर वर कुणीतरी दिलाय, तो मला पटत नाही. झाडांची भूक लाइट ठरवतो. दहा तास लाइट, वरून कार्बन डायऑक्साइड सोडलेला नाही आणि त्यात नायट्रेट, म्हणजे खतातला नायट्रोजनही तोडला, की झाडं खुंटतात आणि शेवाळाला मोकळं रान मिळतं. टायमर लावून सहा-सात तासांवर आणा. नायट्रेट १० ते २० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असलं तरी घाबरू नका.

तुमच्या फोटोत अनुबियासच्या (टाकीतलं जाड पानांचं, हळू वाढणारं झाड) जुन्या पानांवर घट्ट हिरवे ठिपके आहेत, बोटाने पुसून न निघणारे. हे बहुधा जास्त लाइट आणि कमी फॉस्फेटचं काम. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी पडतंय का ते बघा. कोवळं पान पिवळट आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय का ते.

बाकी इंदुरात तुमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं की बोरिंगचं? आमचं बोरिंगचं इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. लोहाच्या खतात लोह विरघळलेलं धरून ठेवायला ईडीटीए किंवा डीटीपीए हे रसायन असतं. अशा पाण्यात ईडीटीएवालं लोह फार टिकत नाही, डीटीपीएवालं घ्या. महाग पडतं, पण निदान झाडांच्या पोटात जातं. फरक नव्या पानांवरच बघा, जुनी काही सुधारत नाहीत.