एम२व्ही फाइल: चित्र आहे, आवाज नाही. कन्व्हर्ट कशी करू?

मिरजेची_धाकटी
ताईचं लग्न २००६ सालचं. ज्यांनी शूटिंग केलं त्यांचा स्टुडिओ कधीच बंद झाला. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाला माळा आवरताना एक हार्ड डिस्क सापडली, ती त्याने आणून दिली. आमच्या डीव्हीडीला बुरशी लागलीय, पाचव्या मिनिटाला अडकते, त्यामुळे केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

डिस्कवर ‘फायनल २’ नावाचा फोल्डर आहे, त्यात एकच मोठी फाइल, २.८ जीबी, नावाच्या शेवटी एम२व्ही. व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्र छान दिसतं, आवाज मात्र शून्य. एकूण वेळ धड दाखवत नाही, मध्ये कुठे सरकवलं की भलतीकडेच जाते. टीव्ही तर पेनड्राइव्हवरून उघडतच नाही. दोन वेगवेगळ्या कन्व्हर्टरने एमपी४ करून पाहिली, तरी मुकीच.

मला मुख्य हवीत ती मंगलाष्टकं. आजोबांनी स्वतः रचून म्हटली होती. कागद राहिला नाही, आजोबाही नाहीत. कोणता कन्व्हर्टर वापरला तर आवाज येईल?

पिक्सेल_पोरगा
नाव बदलून शेवटी एमपीजी कर, बऱ्याचदा चालतं. नाहीतर एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाक.

जुना_कॅसेटवाला (कराड)
पोरा, दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. आणि २.८ जीबीचं घरचं लग्न कुठल्या तरी परक्या साइटवर कशाला चढवायचं?

ताई, मी १९९८ पासून लग्नं शूट केली, २०१४ला कॅमेरा खाली ठेवला. ही फाइल आमच्या रोजच्या हातातली. कुठलाच कन्व्हर्टर आवाज आणणार नाही, कारण तो त्या फाइलीत कधी नव्हताच. एम२व्ही म्हणजे एमपेग-२चं, डीव्हीडीवर असतं त्या पद्धतीचं, निव्वळ चित्र. डीव्हीडी बनवताना आम्ही चित्र वेगळं आणि आवाज वेगळा काढायचो, आणि मेनूवाल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नेऊन टाकायचो. तिथे त्यांची गाठ पडायची आणि व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवरची चित्र-आवाज एकत्र असलेली फाइल, तयार व्हायची. तुमच्या हाती गाठ मारायच्या आधीचं एक टोक आलंय.

वेळ चुकीची दिसते तेही त्याचमुळे. यात चित्रांची नुसती माळ असते. दर बारा-पंधरा चित्रांमागे एक पूर्ण चित्र, बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढंच. कुठलं चित्र कितव्या सेकंदाचं याची धड नोंद नसते, ती नोंद बाहेरची डबी, म्हणजे चित्र-आवाज एकत्र धरणारी फाइल, ठेवते आणि इथे डबीच नाही. प्लेअर बिचारा फाइलीच्या आकारावरून अंदाज बांधतो.

खात्री हवी असेल तर एचएक्सडी नावाच्या, फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, काही बदलू नका, फक्त पहिली ओळ बघा. मी देवनागरीत लिहितोय, समजून घ्या: ०० ०० ०१ बी३, पुढे २डी ०२ ४० २३. बी३ म्हणजे इथून चित्र सुरू. पुढचे आकडे सलग वाचा, ते सोळाच्या हिशेबातले: २डी० म्हणजे ७२०, २४० म्हणजे ५७६, आपला पाल (भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीचा आकार. शेवटच्या २३ मधला २ म्हणजे ४:३ पडदा आणि ३ म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. रुंद पडद्याची असती तर तिथे ३३ दिसलं असतं. आणि बी३च्या जागी बीए निघालं तर मात्र माझं म्हणणं मागे, मग ती डबीवाली फाइल आणि आवाज आत असू शकतो.

आता आवाज शोधायचा. नावावर जाऊ नका, आम्ही नावं काय वाट्टेल ती द्यायचो, आकारावर जा. लग्न किती मिनिटांचं आहे?

मिरजेची_धाकटी
काका, अगदी तसंच निघालं! ०० ०० ०१ बी३ २डी ०२ ४० २३. डीव्हीडीच्या कव्हरवर ६८ मिनिटं लिहिलंय.

जुना_कॅसेटवाला (कराड)
हिशेब जुळतो. २.८ जीबीला ६८ मिनिटं म्हणजे सेकंदाला साधारण ६ मेगाबिट, आमचा नेहमीचा आकडा. आता पूर्ण डिस्क आकाराप्रमाणे लावा. आवाज डब्ल्यूएव्ही (न दाबलेला) असेल तर मिनिटाला ११ एमबी, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. एसी३ (दाबून लहान केलेला) असेल तर बहुतेक नव्वद ते पंचाण्णव एमबी. फोल्डर कुठलाही असो.

सापडली की एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली ओढून टाका आणि एकत्र करा, एमकेव्ही नावाची डबी तयार होते. पाच मिनिटांत होतं, चित्राला धक्का लागत नाही, कारण नव्याने काही दाबलं जात नाही, फक्त डबीत भरलं जातं. ही एमकेव्ही आणि मूळ फाइली जपून ठेवायच्या. टीव्हीसाठीची एमपी४ नंतर, प्रतीवरून.

आवाज जुळला का हे सुरुवातीला बघू नका, शेवटाला बघा. वरातीची गाडी निघताना नारळ फुटतो ना, तो दिसतो आणि ऐकू येतो यात फरक पडला तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला विलंब देता येतो, मिलिसेकंदात. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल तरच हा उपाय. वाढत जात असेल तर ती आवाजाची फाइल दुसऱ्याच एडिटिंगची.

टर्मिनल_तात्या
एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचा कन्व्हर्टर) वापरणाऱ्यांसाठी: एम२व्ही थेट एमपी४मध्ये कॉपी करायला गेलं की टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेच्या नोंदी, नाहीत म्हणून तो रडारड करतो. काका म्हणतात तशी आधी एमकेव्ही करा, मग तीच त्याला द्या.

एमपी४ करताना हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये डीइंटरलेस लावा, यादिफ, प्रीसेट बॉब, फ्रेमरेट ५०. हे चित्र एकाआड एक ओळींचं आहे, तसंच सोडलं तर हात हलवणाऱ्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. गुणवत्ता १८. आणि ४:३ आहे ना ते तपासा, नाहीतर ७२० बाय ५७६ जसंच्या तसं दिसेल आणि सगळं वऱ्हाड रोडावलेलं वाटेल.

मिरजेची_धाकटी
सापडली! ‘मेनू’ फोल्डरमध्ये, ९३ एमबी, नाव नुसतं ‘ए१’. एमकेव्ही झाली, नारळ बरोबर फुटतो. आई दोनदा रडली.

पण काका, पहिलं अष्टक आजोबांचं ऐकू येतं आणि दुसऱ्यापासून वरून सनई सुरू होते. मग सिनेमाचं गाणं. आजोबांचे ओठ हलताना दिसतात फक्त.

जुना_कॅसेटवाला (कराड)
हे पाप आमच्या धंद्याचं. मंडपात स्पीकर चिरकायचा, जनरेटरची घरघर, मग आम्ही मूळ आवाज खाली पाडून वर गाणं चढवायचो. गिऱ्हाइकांनाही तेच आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः कितीतरी घरांच्या मंगलाष्टकांवर सनई ओतली आहे. एकदा मिसळलेलं त्या ९३ एमबीतून परत स्वच्छ वेगळं निघणं कठीण.

कॅसेटी घरी आहेत का? नसतीलच बहुतेक, आम्ही त्या पुसून परत वापरायचो. पण डिस्कवर मोठ्या एव्हीआय फाइली आहेत का बघा. मिनीडीव्ही कॅसेट संगणकात घेतली की तासाला साधारण १३ जीबी लागतात. आम्ही त्या पुढच्या लग्नाला जागा हवी म्हणून उडवायचो, पण सीझन संपता संपताचं लग्न असेल तर राहूनही जायच्या. त्यांत चित्र आणि आवाज एकत्रच असतात, कॅमेऱ्याच्या माइकचा, सनईशिवाय.

मिरजेची_धाकटी
लग्न जूनमधलं, शेवटच्या मुहूर्ताचं. ‘कॅप्चर’ नावाच्या फोल्डरमध्ये तीन एव्हीआय आहेत, दोन १२ जीबीच्या वर, एक चार जीबीची.

जुना_कॅसेटवाला (कराड)
आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी. इतक्या वर्षांची डिस्क आहे, त्यावरून थेट चालवू नका. मग दुसरी उघडा, अंतरपाट बहुतेक तिच्यात असेल.

मिरजेची_धाकटी
रात्रभर कॉपी केली. दुसरीत नाही, पहिलीच्या शेवटी आहे. पाचही अष्टकं. तिसऱ्यात आजोबा ताईचं नाव गुंफतात तिथेच कुणीतरी जोरात ओरडतं, “ए, लाइट इकडं घे की!” बाकी अक्षर न् अक्षर कळतं. आई वही घेऊन बसलीय, उतरवून घेतेय.