दुःखी, भयंकर काही नको असणाऱ्यांसाठी पुस्तकं कशी शोधता? अनुभव लिहा

आईला वाचनाची प्रचंड आवड, पण छळ, खून, आजारपण असलं काही आलं की पुस्तक मिटून ठेवते आणि मग ते तिच्या डोक्यातून जाता जात नाही. बक्षीस मिळालंय, गाजलंय म्हणून आणावं तर नेमकं तेच रडवणारं निघतं. तुमच्याकडे असं कुणी असेल तर काय चाललं, काय नाही, जरा सविस्तर लिहा प्लीज, नुसती यादी नको.

———

आमच्या सासूबाई अगदी अशाच! एक लक्षात आलंय, विनोदी पुस्तक म्हणजे सगळं हसरंच असतं असं नाही. 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण, सखाराम गटणे वाचताना त्या एकट्याच खुदुखुदु हसत होत्या, पण नंदा प्रधान आला आणि एकदम गप्प झाल्या. 'बटाट्याची चाळ'चंही तेच, शेवटचं चिंतन वाचून जीव गलबलतो. म्हणून मी आता आधी स्वतः चाळते आणि "हे प्रकरण नंतर वाचा हं" अशी चिठ्ठी त्या पानात घालून देते. 'असा मी असामी' मात्र बिनधास्त हातात द्या. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पण.

———

इंग्रजी वाचत असतील तर विनोदी लेखक वुडहाऊस, दुसरं नाव नाही. बाबांच्या ऑपरेशननंतर त्यांना काहीच वाचवत नव्हतं, तेव्हा त्याच्या ब्लँडिंग्ज नावाच्या वाड्यातल्या गोष्टी दिल्या. त्यातल्या एका गोष्टीत लॉर्डसाहेबांची लाडकी डुकरीण खायचं सोडते, तिला सांभाळणारा गडी तुरुंगात गेलाय, स्पर्धा तोंडावर आलीय, आणि साहेबांना घरातल्या भाचीच्या लग्नाच्या भानगडीपेक्षा हिच्या जेवणाची काळजी जास्त. संकट म्हणजे एवढंच! बाबा ती गोष्ट आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. आणि वुडहाऊसची एकूण पुस्तकं नव्वदच्या वर आहेत, त्यामुळे संपायची भीती नाही.

———

मुलांची पुस्तकं द्या. फास्टर फेणे, गोट्या. मोठ्यांनी वाचू नयेत असं कुणी सांगितलंय?

———

माझ्या मावशीला रहस्यकथा हव्यात पण रक्तपात नको. तिला अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची बोट्स्वानातल्या बाई डिटेक्टिव्हची मालिका खूप आवडली, १९९८ पासून चालू आहे, प्रकरणं बहुतेक घरगुतीच असतात, कुणाचा नवरा गायब, कुणाची फसवणूक, आणि बाई चहा पीत शांतपणे सोडवतात. पण पहिल्या पुस्तकात तिचा मारहाण करणारा नवरा आणि बाळ गेल्याचा भाग आहे, तो आधी सांगून ठेवा. मावशीने तेवढी पानं उलटली आणि पुढे मजेत वाचलं. माहीत असलं की धक्का बसत नाही, धक्क्याचाच त्रास जास्त असतो हो.

———

वरच्या ताईंना अनुमोदन. आणि 'दुःखी नको' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय नको ते विचारा. माझ्या भावाला माणसं मेलेली चालतात पण कुत्र्याला काही झालेलं चालत नाही, त्यामुळे जेम्स हेरियटच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या इतक्या गोड आठवणी पण त्याला जपूनच द्याव्या लागतात. 'डझ द डॉग डाय' म्हणून साइट आहे, नावाप्रमाणे कुत्रा मरतो का इथपासून बरंच काही बघता येतं, सिनेमांबरोबर पुस्तकंही आहेत.

———

मी एक करते, पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचतच नाही. "हादरवून टाकणारं", "सुन्न झालो" असलं कौतुक असेल तर ते पुस्तक आपलं नाही. उलट एक-दोन स्टार देऊन लोक चिडून लिहितात ना, "काहीच घडत नाही, सगळे नुसते गप्पा मारत बसतात", ते पुस्तक मी लगेच उचलते. आमच्या आजीसाठी असंच शोधते, आणि वर शेवटची चार पानं आधी वाचून घेते. तिला शेवट सांगितलेला आवडतो, "सगळे सुखरूप आहेत ना?" विचारते, हो म्हटलं की मगच चष्मा लावते.