‘सूर्य मावळू नये’ म्हणजे भांडण मिटेपर्यंत जागायचं का?

तिसरा_बाक: सलाम. तरुण जोडप्यांच्या गटात इफिसकरांस 4:26-27 (बायबलमधलं पौलाचं पत्र) घ्यायचंय. ‘तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये’ याचा अर्थ बरेच जण ‘मिटवल्याशिवाय झोपायचं नाही’ असा लावतात. मग रात्री एकपर्यंत तेच दळण आणि शेवटी तोंडातून नको तो शब्द. वचन खरंच एवढं मागतं का? आणि ‘प्रार्थना करा’ सोडून हाताशी धरता येईल असं काही सांगा.

जुना_पाळक: नाही मागत. मुदत रागाला आहे, चर्चेला नाही. पौल इथे स्तोत्र 4:4 उचलतो, आणि त्या ओळीत पुढे आहे की अंथरुणावर आपल्या मनाशी बोला, स्तब्ध राहा. समोरच्याशी नव्हे! शिवाय मावळतीच्या ओळीतला ग्रीक शब्द ‘पारोर्गिस्मोस’, म्हणजे डिवचल्याने आलेला राग. त्याचंच क्रियापद 6:4 मध्ये आहे, ‘मुलांना चिरडीस आणू नका’. आपल्या मराठी बायबलातला ‘चिरड’ इथेही चपखल बसतो. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची (अनुवाद 24:15), तसंच हे. बाकी उद्यावर ओढायची नाही.

संडेस्कूलवाली: उत्पत्ति 4 मध्ये काईन आपल्या भावाचा खून करतो; देव त्याला त्याच्या आधीच गाठतो आणि त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याबद्दल विचारतो. शरीर आधी बोलतं. दात आवळले, आवाज चढला, ‘तू नेहमीच’ किंवा ‘तुझ्या आईने’ सुरू झालं की थांबायचं. पण वेळ सांगून: ‘आता नको, सकाळी चहा झाल्यावर बोलू.’ न सांगता उठलं की ते तोंड फिरवणं वाटतं. मग किमान 20 मिनिटं भांडी घासा, फेरी मारा. त्या वेळात मनात टोमणे जुळवत बसलात तर 20 मिनिटं फुकट, राग शिजतच राहतो. फोन दुसऱ्या खोलीत. झोपण्याआधी कागदावर एकच वाक्य, ‘मला नेमकं काय लागलं’. सकाळी तिथूनच सुरुवात.

वसईकर: हे सगळं दोघं सुरक्षित असतील तरच. हात उगारला जात असेल तर हे वचन दाखवून कुणाला त्या घरात थांबवू नका. तातडीच्या मदतीसाठी 112, किंवा महिलांसाठी 181 हा फोन नंबर. अशा जोडप्याला समेटासाठी एकत्र बसवायचं नाही, वेगवेगळं भेटायचं. तिथे बोललेलं घरी गेल्यावर अंगाशी येतं. क्षमा वेगळ्या छपराखालूनही करता येते.

तिसरा_बाक: दोन्ही नंबर अभ्यासाच्या कागदावर छापतो. सगळ्यांच्याच, म्हणजे कुणाला मागावे लागणार नाहीत.