सोलापूरच्या उन्हात सागवानी डेकला पीयू की तेल?

रंधा_पटाशी:
गच्चीवरच्या उघड्या डेकला, म्हणजे लाकडी फळ्यांच्या जमिनीला, पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर थर धरणारं पॉलिश) मारूच नये, हे माझं ठाम मत. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२ अंशांवर जातो, फळी सुकून आक्रसते. जूनच्या पावसात तीच फुगते. १०० मिमीची सागवानी फळी रुंदीत मिमी-दीड मिमी हलते. उन्हानं कडक झालेला पीयूचा थर तेवढा ताणत नाही. स्क्रूच्या डोक्याशी केसाएवढी चीर पडते, पाणी आत शिरतं, पांढरट फुगा धरतो. नखानं उचकटा, खाली लाकूड करडं निघेल. मग अख्खा डेक घासण्यावाचून इलाज नाही. तेल मुरतं; त्याला सुटायला पापुद्राच नसतो.

८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, रेषांच्या दिशेनं. त्याहून गुळगुळीत केलं तर लाकूड तेल पीत नाही. पहिल्या हाताला १०० चौरस फुटांना साधारण लिटरभर लागतं. १५-२० मिनिटांनी न मुरलेलं पुसून काढा, नाहीतर चिकटा राहतो आणि सगळी धूळ त्यावर बसते. भर उन्हात तर हात लावूच नका. तापल्या फळीवर तेल मुरायच्या आधीच आळतं.

जुळे_सोलापूरकर:
रीत बरोबर, निष्कर्ष पटत नाही. उघड्या गच्चीवर तेल वर्षातून दोनदा तरी मारावं लागतं. किती घरांत ते होतं? पीयू उखडतो तो बहुतेक घरातल्या फर्निचरचा बाहेर वापरल्यामुळे. बाहेरच्या वापराचा, यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) रोखणारा, दोन भाग मिसळून करायचा पीयू घ्या. सागाचं अंगचं तेल थिनरनं पुसा आणि फळी बसवण्याआधीच सहाही बाजूंना मारा. खालची बाजू कोरी ठेवली की ओल तिथूनच चढते.

रंधा_पटाशी:
सहा बाजूंचं शंभर टक्के मान्य. पण यूव्ही रोखणारी द्रव्यंही हळूहळू संपतात. मग ऊन थेट लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तोडतं, म्हणजे पीयू ज्याला धरून बसलाय तो थरच सुटतो. म्हणून मी बिनरंगी तेलही सांगत नाही. तपकिरी रंगद्रव्य असलेलं घ्या, ऊन अडवतो तो रंग. फळीवर पाणी शिंपडा. दोन-तीन मिनिटांत मुरून डाग गडद झाला, की पुढचा हात मारायची वेळ आली.

करडाच_बरा:
साग करडा पडला म्हणजे कुजला नव्हे. डेक मरतो तो साचलेल्या पाण्यानं. फळ्यांत ५-६ मिमी फट, स्लॅबला उतार, फळ्या ज्यांवर ठोकतात त्या लाकडी बत्त्यांखाली रबरी पॅड. स्लॅबमध्ये भोक पाडून वॉटरप्रूफिंग फोडायचं नाही. स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच. साध्या लोखंडाची सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी गाठ पडली की प्रत्येक स्क्रूभोवती शाईसारखा काळा डाग उतरतो. तो काढायला लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लास्टिकच्या बादलीत, हातमोजे घालून. नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

जुळे_सोलापूरकर:
सागाला हे चालेल. स्वस्त म्हणून पाइन घातलं असेल तर करडं सोडून बघा, दोन पावसाळ्यांत टोकं मऊ पडतील. पाइन दाबाखाली कुज रोखणारं औषध भरलेलंच हवं, आणि साइटवर कापलं तर कापलेल्या टोकाला पुन्हा औषध.

रंधा_पटाशी:
पाइनबद्दल सहमत. तेलवाल्यांना एकच कळकळीचं सांगणं: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा एकेक सुटं पसरून वाळवा.