स्टीमवरील दुर्लक्षित सुविधा : एक घर, दोन संगणक आणि तीन खेळाडू

दांडियाबाजारकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दोन संगणक आहेत. दिवाणखान्यातला जुना असून त्याची हार्ड डिस्क मोठी पण संथ आहे; मुलाच्या खोलीतल्या संगणकाला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असले तरी त्याची एसएसडी (वेगवान डिस्क) लहान आहे. स्टीम, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणारे ऑनलाइन दुकान, त्यावरचे माझे खाते बरेच जुने असल्यामुळे वर्षानुवर्षे सेलमध्ये घेतलेले पुष्कळ खेळ त्यात साठले आहेत. मुलगा नववीत आहे आणि त्याचे खाते वेगळे आहे. मुलगी पुण्याला वसतिगृहात राहते आणि सुट्टीत घरी आली की तीही खेळते.

अडचण अशी की मुलाला माझ्याकडचा एखादा खेळ खेळायचा झाला की तो सरळ माझ्याच खात्यात शिरतो. मग त्याची प्रगती माझ्या नावावर जमा होते, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर मी तासभर खेळायला बसावे तर माझा नायक भलत्याच गावात, भलतीच तलवार घेऊन उभा असतो. शिवाय एकच खेळ दोन्ही संगणकांवर हवा असेल तर तो इंटरनेटवरून दोनदा उतरवावा लागतो. आमचे कनेक्शन 100 एमबीपीएसचे आहे, पण स्टीममधला आकडा 11-12 च्या वर कधी जात नाही, आणि तोही मधूनच शून्यावर येतो. तक्रार केली की पुरवठादाराचा माणूस येतो, राउटर बंद करून पुन्हा चालू करतो आणि निघून जातो.

तूर्त नवे खेळ किंवा नवे यंत्र घेण्याचा विचार नाही. स्टीममध्येच अशा काही सोयी असतील, ज्यांकडे आमच्यासारख्यांचे लक्ष जात नाही, तर जाणकारांनी कृपया सांगाव्यात.

नियमवाचक

आपल्या पहिल्या अडचणीवरचा उपाय म्हणजे ‘स्टीम फॅमिलीज’. ही सोय सप्टेंबर 2024 मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि जुन्या ‘फॅमिली शेअरिंग’ची जागा तिने घेतली. जुन्या पद्धतीत मालकाने स्वतःचा कोणताही खेळ सुरू केला की उसना खेळणाऱ्याला काही मिनिटांत उठावे लागे, आणि म्हणूनच बहुतेकांनी ती एकदा वापरून सोडून दिली होती. आता तसे राहिलेले नाही. कुटुंबात जास्तीत जास्त सहा सदस्य घेता येतात, प्रत्येकाचे खेळ एका सामाईक संग्रहात दिसतात, आणि आपण एक खेळ खेळत असताना मुलगा आपल्याच मालकीचा दुसरा खेळ खुशाल खेळू शकतो. एकच खेळ दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल तर मात्र कुटुंबात त्याच्या दोन प्रती असाव्या लागतात. प्रत्येकाचे सेव्ह (खेळातल्या प्रगतीच्या साठवलेल्या फायली) आणि अचीव्हमेंट्स (खेळात मिळवलेली पदके) ज्याच्या त्याच्या खात्यावर राहतात, त्यामुळे आपल्या नायकाचे परगावी भटकणे थांबेल.

मुलाला ‘चाइल्ड’ म्हणून सामील करून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तसे केल्यास त्याने कोणते खेळ खेळावेत आणि रोज किती वेळ खेळावे हे आपल्याला ठरवता येते, तो किती खेळला याचा अहवाल मिळतो, आणि परीक्षा संपल्यावर त्याने आणखी वेळ मागितला तर ती विनंती आपण आपल्या फोनवरूनच मंजूर करू शकता. एखादा खेळ विकत घेण्याची त्याची मागणीही आपल्याकडेच येते आणि पैसे आपण भरता. पासवर्डवरून घरात होणाऱ्या वादापेक्षा हे पुष्कळ बरे.

मात्र पुढचे दोन नियम वाचल्याशिवाय कोणालाही निमंत्रण पाठवू नये. पहिला असा की आपल्या मालकीच्या प्रतीवर खेळताना कुटुंबातल्या कोणी फसवणूक केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या खेळापुरती ती बंदी आपल्यावरही येते. नववीतला मुलगा मित्रांच्या नादाने कुठूनतरी ‘हॅक’ (फसवणुकीचा प्रोग्राम) उतरवू शकतो, हे गृहीत धरून ऑनलाइन स्पर्धेचे खेळ त्याच्या यादीतून वगळावेत. दुसरा नियम जागांचा. कोणी कुटुंब सोडले तर त्याची जागा एक वर्ष रिकामी ठेवावी लागते, आणि सोडणाऱ्यालाही सामील झाल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही. तेव्हा भाच्याला किंवा शेजारच्या मुलाला सहज म्हणून आत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

सगळेच खेळ वाटता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. ज्यांना दुसऱ्या कंपनीचे खाते किंवा मासिक वर्गणी लागते असे काही खेळ आणि निर्मात्यांनी स्वतःहून वगळलेले खेळ सामाईक संग्रहात येत नाहीत.

सुरसागर_काठ

कुटुंबाविषयी वर सविस्तर लिहिले गेले आहेच, म्हणून मी केवळ उतरवण्याच्या वेगाविषयी लिहितो.

आपला पुरवठादार निदान या बाबतीत निर्दोष असावा. 100 एमबीपीएस हे मेगाबिट आहेत, तर स्टीम आकडा मेगाबाइटमध्ये दाखवते. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे 100 ला आठने भागले की साडेबारा येतात, आणि 11-12 हा आकडा म्हणजे आपले कनेक्शन पूर्ण भरून वाहत असल्याचेच लक्षण आहे. सेटिंग्जमधील ‘डाउनलोड्स’ या भागात वेग बिटांमध्ये दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की मनाला शांतता मिळते, वेग अर्थातच तेवढाच राहतो.

मधूनच शून्य का होते, हे पाहण्यासाठी उतरवणे चालू असताना डाउनलोड्सचे पान उघडून आलेखाकडे नीट पाहावे. निळे उभे पट्टे इंटरनेटचे असतात आणि हिरवी रेघ डिस्कच्या लेखनाची असते. निळे पट्टे नाहीसे झाले तरी हिरवी रेघ चालूच असेल, तर माल घरात येऊन पडला आहे आणि तो सोडवून रचण्याचे काम आपली हार्ड डिस्क करत आहे, असे समजावे. जुन्या, फिरत्या डिस्कवर मोठ्या खेळाचे अद्ययावतीकरण होताना हे हमखास दिसते, कारण थोडासाच भाग बदलायचा असला तरी कित्येकदा मोठमोठ्या फायली नव्याने लिहाव्या लागतात. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काहीही साधत नाही. हिरवी रेघही सपाट झाली, तरच पुरवठादाराला फोन करावा.

आता दोनदा उतरवण्याविषयी. 2023 च्या फेब्रुवारीत स्टीमने घरातल्या घरात फायली पाठवण्याची सोय आणली. ती त्याच ‘डाउनलोड्स’ भागात सापडते, आणि कोणाच्या संगणकाशी देवाणघेवाण करायची, हे तिथे ठरवता येते. आपल्या घरी दोन वेगळी खाती असल्यामुळे केवळ स्वतःपुरता पर्याय पुरणार नाही. दोघांनी स्टीमवर एकमेकांना मित्र करून घ्यावे आणि दोन्ही संगणकांवर ‘फ्रेंड्स’ हा पर्याय निवडावा. त्यानंतर दोन्हीकडे स्टीम चालू असताना मुलाने ‘इन्स्टॉल’ दाबले की दिवाणखान्यातल्या संगणकावर तो खेळ आहे हे स्टीमला कळते आणि फायली तिथून येऊ लागतात. मध्येच तो संगणक बंद झाला तर उरलेला भाग नेहमीप्रमाणे इंटरनेटवरून येतो, काही वाया जात नाही. मात्र परवानगी स्टीमच्या सर्व्हरकडूनच तपासली जाते, तेव्हा इंटरनेट पूर्ण बंद असताना हे होत नाही.

याचा खरा लाभ हवा असेल तर दोन्ही संगणक केबलने जोडावेत आणि राउटरची पोर्ट (केबल जोडायच्या खाचा) गिगाबिटची, म्हणजे 1000 मेगाबिटची, आहेत का, हे त्याच्या पाठीमागच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात पाहून घ्यावे. स्वस्त राउटरांत पुष्कळदा 100 मेगाबिटचीच पोर्ट असतात, आणि तसे असेल तर घरातल्या घरातही वेग साडेबाराच्या वर जाणार नाही. 60 जीबीच्या खेळाला 100 मेगाबिटने किमान 80 मिनिटे लागतात. गिगाबिटवर हेच काम, डिस्कने साथ दिली तर, आठ-दहा मिनिटांत होते. आपली डिस्क जुनी आहे, म्हणून दुप्पट वेळ धरावा.

अलकापुरीकर_ताई

मुलीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. स्टीम फॅमिलीज ही एका घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी आहे, असे स्टीमने स्पष्ट म्हटले आहे. शिक्षणासाठी बाहेर असलेली सख्खी मुलगी घरचीच समजावी, असे माझे मत आहे. पण चुलत-मावस भावंडांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ‘रिमोट प्ले टुगेदर’ हा अधिक सरळ मार्ग आहे. त्यात खेळ फक्त यजमानाकडे असला की पुरते. तो यजमानाच्याच संगणकावर चालतो आणि त्याचे चित्र पाहुण्याकडे पोहोचते, तर पाहुण्याच्या कंट्रोलरचे बटण जणू आपल्याच घरी दाबले जाते. एकाच पडद्यावर दोघांनी बसून खेळायच्या खेळांसाठी ही सोय आहे. पाहुण्याला दुवा पाठवता येतो, आणि त्याच्याकडे स्टीमचे खाते नसले तरी फोनवरच्या ‘स्टीम लिंक’ ॲपमधून त्याला येता येते.

यासाठी यजमानाचा अपलोडचा वेग चांगला लागतो. सगळे डाउनलोडचाच आकडा पाहतात आणि मग चित्र फुटले म्हणून पाहुण्याला दोष देतात. ग्राफिक्स कार्ड मुलाच्या संगणकात आहे, तेव्हा यजमानपण त्यालाच द्यावे.

हेच ॲप अँड्रॉइड टीव्हीवर घातले तर आतल्या खोलीतला संगणक दिवाणखान्यातल्या टीव्हीवर खेळता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरे जमली की आमच्याकडे हाच उपयोग सर्वांत जास्त होतो.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आलेख पाहिला, निळे पट्टे गेले तरी हिरवी रेघ चालूच होती, तेव्हा पुरवठादारावरचा माझा राग निदान अर्धा तरी मागे घेतो. कुटुंब तयार केले, मुलाला ‘चाइल्ड’ म्हणून घेतले (यावर त्याने रीतसर निषेध नोंदवला) आणि मुलीला निमंत्रण पाठवले. राउटरची पोर्ट 100 मेगाबिटचीच निघाली, परंतु तूर्त तेवढ्यावरच भागवू.

आता दोन शंका उरल्या आहेत. मुलाने माझ्या खात्यात केलेली प्रगती त्याच्या खात्यात नेता येईल का? आणि त्याच्या लहान एसएसडीत जागा सारखी संपते, त्यावर खेळ काढून टाकण्याखेरीज काही उपाय आहे का?

नियमवाचक

अचीव्हमेंट्स नेता येत नाहीत, हे त्याला आधीच सांगून टाकावे. सेव्हचे मात्र खेळागणिक वेगळे आहे. स्टीमच्या संकेतस्थळावर आपल्या खात्याच्या पानांत क्लाउडवर (स्टीमच्या सर्व्हरवर) ठेवलेल्या फायली खेळाप्रमाणे पाहता येतात आणि उतरवूनही घेता येतात. त्या मुलाच्या संगणकावर त्या खेळाच्या सेव्हच्या फोल्डरात ठेवल्या की काही खेळ त्या निमूटपणे स्वीकारतात. ज्या खेळांत सेव्ह खात्याच्या क्रमांकाशी बांधलेला असतो ते स्वीकारत नाहीत. ठेवण्यापूर्वी मुलाकडच्या मूळ फायलींची प्रत बाजूला काढावी, आणि तेवढ्यापुरते त्या खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मधून क्लाउड बंद करावे, म्हणजे जुन्या फायली परत येऊन नव्यांवर बसणार नाहीत.

सुरसागर_काठ

जागेसाठी खेळ काढून टाकण्याची गरज नाही. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागात दुसरी डिस्क जोडता येते, आणि तिथूनच खेळावर खूण करून ‘मूव्ह’ म्हटले की तो पुन्हा न उतरवता दुसऱ्या डिस्कवर जातो. रोज खेळायचा एखादा मोठा खेळ एसएसडीवर ठेवावा, बाकीचे साध्या डिस्कवर. त्याच्या संगणकात दुसरी डिस्क नसेल, तर खेळ दिवाणखान्यातल्या संगणकावर राहू द्यावेत, एसएसडीवरून खुशाल काढावेत, आणि लागेल तेव्हा घरातल्या घरात मागवावेत; इंटरनेटला त्याचा भार पडत नाही. तो खेळ दिवाणखान्यात अद्ययावत मात्र ठेवावा, म्हणजे बदललेला भाग पुन्हा बाहेरून आणावा लागणार नाही. अद्ययावतीकरणाची वेळही ‘डाउनलोड्स’मध्ये ठरवून देता येते; रात्री 1 ते सकाळी 6 अशी दिली की दिवसा मुलीचा व्हिडिओ कॉल अडखळत नाही. संगणक आणि स्टीम त्या वेळेत चालू असले पाहिजेत, एवढेच.

अलकापुरीकर_ताई

आणखी एक लहानशी सोय. खेळ चालू असताना शिफ्ट आणि टॅब दाबले की जो पडदा उघडतो, त्यात पेन्सिलीचे चिन्ह असते. तिथे त्या खेळापुरत्या नोंदी लिहिता येतात आणि हवी ती नोंद अर्धपारदर्शक करून खेळावर टाचून ठेवता येते. नोंदी खात्याबरोबर राहतात, तेव्हा दिवाणखान्यात लिहिलेले आतल्या खोलीतही आपल्या खात्यातून दिसते. रात्री तासभरच खेळणाऱ्याने उठताना ‘किल्ली विहिरीजवळच्या म्हातारीकडे’ एवढे लिहून ठेवले, तरी चार दिवसांनी बसल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

दांडियाबाजारकर

टाचलेली नोंद करून पाहिली, उत्तम चालते. मुलीने पुण्याहून निमंत्रण स्वीकारले असून मी कित्येक वर्षे न उघडलेला एक खेळ ती खेळत आहे. मुलाचे दोन सेव्ह त्याच्या खात्यात नीट गेले, तिसरा त्या खेळाने नाकारला. तो त्याने पहिल्यापासून खेळायला घेतला आहे.