लायसन्सचं काय करणार?

इटलीत राहायला जाण्याबद्दलच्या या धाग्यात वर कुणीतरी म्हटलंय की भारतीय लायसन्स तिकडे बदलून मिळतं, गाडीची चिंता नको. हे इटलीत चालत नाही. ज्या देशांशी करार आहे त्यांचंच लायसन्स बदलून मिळतं आणि त्या यादीत भारत नाही. निवासाची नोंद कोमूनेत (म्हणजे नगरपालिकेत) झाल्यापासून एक वर्ष आपलं लायसन्स चालतं, तेही आंतरराष्ट्रीय परमिट किंवा अधिकृत भाषांतर सोबत असेल तर. मग वीस वर्षं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी हाणली असली तरी शून्यापासून परीक्षा. लेखी परीक्षेत 30 विधानं, बरोबर की चूक सांगायचं, 3 पर्यंत चुका माफ, वेळ 20 मिनिटं. इंग्रजीचा पर्याय नाही! विधानं अशी फिरवून लिहिलेली असतात की एका 'नाही'वर उत्तर उलटतं, त्यामुळे कामापुरती इटालियन इथे पुरत नाही. पास झालात की पहिली 3 वर्षं नवशिके. हायवेवर कमाल ताशी 100 किमी.

लिगुरियात (वायव्य इटलीचा किनारा) कामोली, लेवांतोसारख्या गावांना रेल्वे आहे, तिथे गाडीवाचून निभेल. पण धागाकर्त्यांनी जे चिलेंतो (नेपल्सच्या दक्षिणेचा किनारी भाग) म्हटलंय, तिथलं आच्चारोली किंवा पिओप्पी घेतलंत तर गावात स्टेशनच नाही, आणि हिवाळ्यात बसच्या भरवशावर राहणं मला तरी जमलं नसतं. पोचल्याबरोबर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला, घराचे पडदे नंतर निवडा.